इंजिनीअरिंगचा कॅप प्रवेश: अकरावीपासून पर्याय अर्जापर्यंत

जुलै महिना लागला की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा संध्याकाळी सहानंतर गजबजते. टेबलावर कटऑफच्या प्रिंट, खिडकीशी चार्जिंगला लावलेले फोन, बाकावर मुलांच्या शेजारी बसलेले आई-वडील, त्यांतले काही थेट शेतातून आलेले. मी तिथे शिकवतो आणि मुलांसोबत पर्याय अर्ज, म्हणजे महाविद्यालय-शाखांच्या पसंतीची यादी, भरायला बसतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगी ९६ पर्सेंटाईल घेऊन आली. ओबीसी प्रवर्ग, जातीचा दाखला होता, वैधता प्रमाणपत्रही होतं. नॉन-क्रीमीलेअरची, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्राची, मुदत मात्र ३१ मार्चलाच संपलेली. नवं काढायला टाकलं, ते शेवटच्या तारखेनंतर दोन दिवसांनी हातात आलं. तिचा अर्ज खुल्या प्रवर्गात धरला गेला आणि हवी असलेली शाखा हातची गेली. तिच्या अभ्यासात काही कमी नव्हतं. एका कागदावरच्या तारखेकडे वेळेत कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही.

तेव्हापासून मी हे सगळं अकरावीच्या वर्गातच सांगायला सुरुवात केली. सीईटीचा अभ्यास मुलं मन लावून करतात. पण मिळालेल्या मार्कांचं सोनं होणार की माती, हे कागदपत्रं आणि पर्याय अर्ज यांवर ठरतं, आणि ती तयारी बहुतेक घरांत निकाल लागल्यावर सुरू होते. म्हणून इथे सगळं ओळीने सांगतो. महाराष्ट्रात एमएचटी-सीईटी देऊन राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, इंजिनीअरिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे.

बारावी कुठून करताय, ते आधी बघा

दहावीनंतर अनेक मुलं लातूरला, पुण्याला किंवा थेट कोट्याला जातात. क्लास कुठला चांगला याची चौकशी होते. बारावी कुठल्या महाविद्यालयातून द्यायची याचा प्रवेशावर काय परिणाम होतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

बऱ्याच महाविद्यालयांत राज्याच्या वाट्याच्या जागा दोन भागांत असतात. ७० टक्के त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी आणि ३० टक्के इतर विद्यापीठांच्या क्षेत्रांतल्या मुलांसाठी. दहावी-बारावी महाराष्ट्रातच केली असेल, तर तुमचं गृह विद्यापीठ बारावीच्या महाविद्यालयाच्या ठिकाणावरून ठरतं, घरच्या पत्त्यावरून नाही. कोल्हापूरचा मुलगा लातूरहून बारावी झाला, तर त्याचं गृह विद्यापीठ नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. मग ज्या महाविद्यालयांत अशी विभागणी आहे, तिथे आपल्याच गावात तो ३० टक्क्यांच्या रांगेत उभा राहतो. यात दर वेळी तोटाच होतो असं नाही. काही संस्थांत जागा राज्यस्तरीय असतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. पण जाताना हे माहीत असावं.

एनआयटीचंही, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांचंही, असंच आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा राज्यातल्या मुलांना असतात, आणि तिथेही बारावी कुठल्या राज्यातून उत्तीर्ण झालात ते बघतात. कोट्याला राहून राजस्थानातून बारावी दिली, तर महाराष्ट्राचा हा हक्क गेला.

कॅपच्या अर्जात उमेदवारीचा प्रकार विचारतात. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, शिवाय जन्म किंवा अधिवास इथला असेल तर प्रकार ए. शिक्षण बाहेर झालं पण स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल तर बी. सी आणि डी हे केंद्र व राज्य सरकारी नोकरांच्या मुलांसाठी. आणि ई प्रकार बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, तिथे शिकलेल्या आणि मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी. सीमाभागातल्या कित्येक घरांना ही सोय ठाऊकच नसते. तिकडे तुमचं कुणी नात्याचं असेल तर त्यांना आवर्जून सांगा.

कागदपत्रं: सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो

पहिलं काम साधं आहे. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला समोर ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. एकीकडे वडिलांचं नाव ‘दत्तात्रय’, दुसरीकडे ‘दत्तात्रेय’, असा घोळ मी दरवर्षी बघतो. अकरावीत तो सावकाश निस्तरता येतो. जुलैमध्ये त्याच कामासाठी रात्रीची झोप जाते.

प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. बारावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे अर्ज करा. अनुसूचित जमातींसाठी तपासणी समिती वेगळी आहे. समिती जुने पुरावे मागते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. म्हणजे आजोबा किंवा पणजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले, तिथल्या रजिस्टरचा उतारा काढावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा, चुलत्याचा चालतो. तहसील कार्यालयातल्या जुन्या कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंदही कामी येते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच वैधता मिळाली असेल, तर ती प्रत आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा, काम बरंच सोपं होतं. दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेलात की घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाजवळ बसून वंशावळ लिहून घ्या. त्या दोन तासांनी पुढचे दोन महिने वाचतात.

वैधतेची पावती दाखवून प्रवेश आणि प्रमाणपत्र नंतर, अशी सवलत काही वर्षी सरकारने दिली. तिच्या भरवशावर राहू नका.

नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) या सगळ्यांना लागतं. ते चालू शैक्षणिक वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. जुलै २०२६ मध्ये प्रवेश घेताय, तर प्रमाणपत्रावर ३१ मार्च २०२७ पर्यंतची मुदत दिसली पाहिजे. वडिलांचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले घेऊन एप्रिल उजाडला की सेतू केंद्र गाठायचं. जूनमध्ये निकालानंतर तिथे उभं राहायला जागा नसते. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखलाही त्याच वर्षाचा आणि राज्याच्या ठरलेल्या नमुन्यातलाच हवा. केंद्राच्या नमुन्यातला दाखला घेऊन आलेली मुलं मी परत पाठवली आहेत, आणि ते करताना वाईट वाटतं.

परीक्षेबद्दल थोडक्यात

अभ्यासाबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून कामापुरतंच सांगतो. पीसीएम गटाचे २०० गुण. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेक गुणाचे. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर, बाकी बारावीवर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

बोर्डाकडे पाठ फिरवू नका. बारावीत ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि मागास प्रवर्गाला ४० टक्के लागतात. सीईटीत ९५ पर्सेंटाईल मिळवून बोर्डात इथे अडकलेला विद्यार्थी मी पाहिला आहे. त्याच्या वडिलांना काय सांगावं ते मला सुचलं नव्हतं.

निकालात टक्के नसतात, पर्सेंटाईल असतो, म्हणजे शंभरातली किती मुलं तुमच्या मागे आहेत ते, दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत. २०२५ साली पीसीएम गटात चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. तेव्हा एक पर्सेंटाईल खाली म्हणजे चार हजारांहून जास्त मुलं पुढे. ९४ आणि ९५ शेजारी शेजारी दिसतात, रांगेत मात्र त्यांच्यात एका मोठ्या गावची मुलं उभी असतात.

अर्ज आणि छाननी

सीईटीची नोंदणी वेगळी आणि कॅपची नोंदणी वेगळी. निकालानंतर कॅपचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, कागदपत्रं चढवावी लागतात. छाननी ऑनलाइन किंवा केंद्रावर जाऊन करता येते. घरी स्कॅनर नसेल आणि प्रवर्गाची कागदपत्रं जास्त असतील तर केंद्रावर जा. समोरचा माणूस तिथल्या तिथे चूक सांगतो. ऑनलाइन छाननीत अर्ज दुरुस्तीसाठी परत आला तर तो संदेश रोज लॉगिन करून बघावा लागतो. मोबाइल नंबर स्वतःचा द्या. कॅफेवाल्याचा किंवा एजंटचा नंबर दिला की ओटीपी त्याच्याकडे जातो, म्हणजे तुमचा प्रवेशच त्याच्या हातात गेला.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की आपलं नाव, प्रवर्ग, गृह विद्यापीठ आणि पर्सेंटाईल तपासा. हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात. अंतिम यादीनंतर फार काही करता येत नाही.

कटऑफचं पान वाचायचं कसं

मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात. पहिल्यांदा ते पान उघडलं की डोळे गरगरतात. वर संस्थेचं नाव आणि कोड, खाली शाखा, आणि मग जीओपीईएनएच, एलओपीईएनएच, जीओबीसीओ असे शब्दांचे रकाने. हे शब्द फोडून वाचायचे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे इतर विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. तर जीओबीसीओ म्हणजे ओबीसीची, इतर विद्यापीठातल्यांसाठीची सर्वसाधारण जागा. प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात: वर गुणवत्ता क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाईल. तिथे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाचे ते आकडे.

मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, म्हणून मुलींनी जी आणि एल दोन्ही रकाने बघायचे. प्रवर्गातल्या मुलांनी आपला रकाना आणि खुला रकाना, दोन्ही. टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिकवणी शुल्क माफी योजनेचा, रकाना वेगळा असतो. त्यात सगळी वर्षं शिकवणी शुल्क माफ होतं, अट कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असण्याची. पण मंजूर जागांच्या पाचच टक्के जागा असतात, ६० च्या वर्गात तीन. त्यामुळे हा कटऑफ अनेकदा खुल्या प्रवर्गाच्याही वर जातो. त्याचा पर्याय कोड वेगळा असतो, तो अर्जात वेगळा टाकावा लागतो.

एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नका, किमान दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडा, आणि फेरीनिहाय बघा. शिवाय शाखेच्या जागा बदलल्या का तेही तपासा. एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, २०२४-२५ पासून प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठवल्यावर बऱ्याच महाविद्यालयांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. ६० च्या १८० जागा झाल्या की जुना कटऑफ तसाच राहत नाही, आणि १८० मुलांना शिकवायला माणसं आहेत का हाही प्रश्न उरतोच.

पर्याय अर्ज

३०० पर्यंत पर्याय भरता येतात. संगणक गुणवत्ता यादीतला पहिला मुलगा घेतो, त्याचे पर्याय वरून खाली बघतो, पहिली रिकामी जागा देतो, मग दुसऱ्या मुलाकडे जातो. तुमची पाळी येते तेव्हा तुमच्याही यादीत वरून खाली तसंच. त्यामुळे वरती अवघड महाविद्यालय टाकलं म्हणून खालचं सोपं निसटत नाही. ‘आपल्याला मिळणार नाही, कशाला जागा वाया घालवायची’ असं म्हणत मुलं वरचे पर्याय गाळतात, ती भीती निराधार आहे. क्रम मिळण्याच्या शक्यतेचा लावायचा नाही, आवडीचा लावायचा.

आवडीचा क्रम लावणं मात्र सोपं नाही. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही असं करतो. प्रत्येक महाविद्यालय-शाखेच्या जोडीची एक चिठ्ठी, जुन्या प्रॅक्टिकलच्या वह्यांच्या पाठकोऱ्या कागदाची. त्यावर दोन वर्षांचे कटऑफ, वार्षिक शुल्क, घरापासूनचं अंतर. मग टेबलावर चिठ्ठ्या पसरायच्या आणि दोन-दोन उचलून मुलालाच विचारायचं, ‘या दोन्ही मिळाल्या तर कुठली घेशील?’ घेईल ती वर. तासाभरात खालपासून वरपर्यंत रांग लागते. एकदा एका मुलीने पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी संस्थेतल्या मेटलर्जीची चिठ्ठी खाली सरकवून कराडच्या शासकीय महाविद्यालयातलं इलेक्ट्रिकल वर ठेवलं. वडील म्हणाले, ‘अगं, पुणं सोडतेस?’ ती म्हणाली, ‘अप्पा, मला मेटलर्जी नको, आणि इथून मी शनिवारी घरी येईन.’ वडील गप्प बसले, मग स्वतःच ती चिठ्ठी नीट सरळ करून ठेवली.

शाखा की कॉलेज, हा वाद दरवर्षी होतो. माझं मत असं: ज्या विषयाचा कंटाळा आहे तो फक्त नावाजलेल्या कॉलेजसाठी चार वर्षं ओढू नका. पण आवड अजून ठरलीच नसेल, तर चांगलं कॉलेज वर ठेवा. सगळ्यांना कॉम्प्युटरच हवं असतं, तरी सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांना एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा, सार्वजनिक बांधकाम, महावितरण अशा वाटा खुल्या असतात. ग्रामीण भागातल्या घराला त्या वाटेचं मोल कळतं आणि ते कमी लेखू नये.

कॉलेज प्रत्यक्ष बघून या, मे महिन्यात, उन्हात का होईना. माहितीपत्रकातलं ‘सर्वाधिक पॅकेज’ एका मुलाचं असतं. तुम्ही विचारा, तुमच्या शाखेत शेवटच्या वर्षाला किती मुलं होती, किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती पगार मिळाला. मेसमध्ये एक वेळ जेवा. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला, प्रॅक्टिकल खरंच होतात का ते तीच सांगतील.

फेऱ्या: इथे सगळ्यांत जास्त चुका होतात

२०२५-२६ च्या प्रवेशांत चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळाला तरी तसंच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. चौथ्या फेरीत मिळेल ते अंतिम. याचा अर्थ यादीतली वरची सहा नावं फार जपून लिहायची. ‘बघू तरी’ म्हणून वर टाकलेली शाखा गळ्यात पडू शकते. तुमच्या वर्षाची माहिती पुस्तिका आली की हा भाग आधी वाचा, कारण बदल झाला तर इथेच होतो.

खालचा पर्याय मिळाला तर एक हजार रुपये जागा स्वीकृती शुल्क भरून ती जागा राखायची आणि पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबायचं, याला बेटरमेंट म्हणतात. पुढच्या फेरीचा पर्याय अर्ज नव्याने भरायचा असतो, आणि इथे एक खड्डा आहे. नवीन जागा मिळाली की हातातली आपोआप रद्द होते. म्हणून नव्या अर्जात हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगले वाटणारे पर्यायच टाका. सवयीने जुनी सगळी यादी पुन्हा टाकलीत, तर हातातल्यापेक्षा खालची जागा पदरी पडू शकते आणि परत फिरता येत नाही. अर्ज भरून झाला की तो पक्का करायला विसरू नका. नुसता सेव्ह केलेला अर्ज धरत नाहीत.

व्यवस्थापन कोट्याचे फोन याच दिवसांत येतात. ‘दोनच जागा उरल्यात, आज टोकन भरा.’ थांबा. कॅपमधून न जाता घेतलेल्या संस्थास्तरावरच्या प्रवेशाला सरकारी शुल्क सवलती मिळत नाहीत. चार वर्षांचा हिशोब मांडल्याशिवाय पैसे देऊ नका.

पैशांचा हिशोब

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतं. कॉलेज त्याहून जास्त मागत असेल तर लेखी विचारा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिकवणी शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून याच उत्पन्न मर्यादेतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पैशांअभावी मुलीला बीएस्सीला घालायचं ठरवलेल्या दोन घरांना आम्ही हे सांगितलं आणि दोघी आता इंजिनीअरिंगला आहेत. वसतिगृह, मेस आणि विकास शुल्क यांचा खर्च मात्र वेगळा धरा.

या सवलती आपोआप लागू होत नाहीत. प्रवेशानंतर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण. मुलाचं स्वतःचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. लहानपणी शाळेने काढून दिलेलं खातं बंद पडलेलं असतं आणि हप्ता तिथेच अडकतो, म्हणून जूनमध्येच बँकेत जाऊन ते चालू करून घ्या. मूळ कागदपत्रं कॉलेजला दाखवायला नेताना प्रत्येकाच्या पाच साक्षांकित प्रती आणि एक स्कॅन स्वतःजवळ ठेवा, आणि पडताळणी झाली की मूळ प्रती परत मागून घ्या.